दोघांचाच घरचा नाताळ : पहिल्यांदाच असा सण करणाऱ्या जोडप्यांसाठी

मुले शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेरगावी गेली, घरातली वडीलधारी माणसे हयात राहिली नाहीत, किंवा बदलीमुळे नवे जोडपे नागपुरात येऊन राहिले, की एखाद्या वर्षी नाताळ दोघांनीच करायची वेळ येते. काहींवर ती परिस्थितीमुळे येते आणि काही जण ती आपणहून निवडतात. आमच्याकडे आधी परिस्थिती होती आणि पुढे ती आमची आवड झाली. आमची मुलगी टोरांटोला असते, मुलगा बंगळुरूला असतो आणि डिसेंबरात दोघांनाही रजा मिळणे कठीण जाते. त्यामुळे माझे यजमान आणि मी सदरजवळच्या आमच्या घरी नाताळ दोघेच करतो. ओळखीतली काही जोडपी आता हेच करू पाहत आहेत आणि नेमके काय करायचे हे विचारत आहेत, म्हणून हा क्रम लिहून काढला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. नाताळात नागपुरातल्या ख्रिस्ती घराचे दार सहसा बंद नसते. उपासना सुटल्यावर मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, माणसे येतात, शेजारी शुभेच्छा द्यायला येतात, मावशी-आत्यांचा आग्रह असतो, आणि हे सगळे प्रेमाने चाललेले असते. म्हणून निवांत नाताळ आपोआप मिळत नाही. तो आधी ठरवावा लागतो, इतरांना नीट सांगावा लागतो, आणि त्या दिवसाला थोडा क्रम द्यावा लागतो. क्रम नसेल तर दुपारी चारच्या सुमारास दोघेही आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतात आणि दिवस कुठे गेला ते कळत नाही.

१. निर्णय आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घ्यावा

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, आणि त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. त्या दिवशी चर्चमधून घरी आल्यावर चहा घेताना दोघांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात : उपासनेला २४ च्या रात्री जायचे की २५ च्या सकाळी, घरी कोण आणि कधी आलेले चालेल, आणि जेवण काय करायचे. ठरलेले कागदावर लिहून फ्रिजवर लावावे. लिहिल्याने पुढच्या तीन आठवड्यांत कोणाचा फोन आला तरी दोघांकडून एकच उत्तर जाते.

येथे सांभाळण्याची गोष्ट अशी, की आपल्याकडे नवरा-बायकोपैकी एकाचे गप्प राहणे हे संमती म्हणून धरले जाते. एकाला खरोखर शांतता हवी असते आणि दुसऱ्याला मनातून माहेरची किंवा भावाच्या घरची गजबज हवी असते, पण वाद नको म्हणून तो बोलत नाही. मग २५ तारखेच्या दुपारी त्याची चिडचिड भाजीत मीठ कमी पडल्याच्या निमित्ताने बाहेर येते. म्हणून “तुला चालेल ना?” असे न विचारता “तुला त्या दिवशी कोण भेटायला हवे आहे?” असे विचारावे. उत्तरात एखादे नाव आले, तर त्या व्यक्तीला २६ तारखेला भेटायचे नक्की करावे आणि तेही त्याच कागदावर लिहावे.

२. नातेवाइकांना आणि मंडळीला वेळेवर कळवावे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण गैरसमज येथेच होतात. आपल्या माणसांना “आम्ही यंदा घरीच आहोत” एवढेच सांगितले तर त्याचा अर्थ ते “मग आम्हीच येतो” असा घेतात. प्रकृतीचे कारण तर मुळीच सांगू नये. ते खरे नसते, आणि आजारपण कळले की नागपूरची माणसे डबा घेऊन हजर होतात, दोन तास बसतात आणि डॉक्टरांचे नावही सुचवतात.

खरे तेच, पण पुढच्या भेटीच्या वेळेसह सांगावे. उदाहरणार्थ : “आत्या, यंदा २५ तारखेला आम्ही दोघेच घरी प्रार्थना आणि जेवण करणार आहोत. २६ ला सकाळी अकरापर्यंत तुमच्याकडे येतो, फराळ घेऊनच येतो.” या वाक्यात नकार असला तरी त्याच्या पाठोपाठ येणे आहे, म्हणून ऐकणाऱ्याला तो बोचत नाही. वडीलधाऱ्यांना हे फोन करून किंवा समक्ष सांगावे, संदेश पाठवून सांगू नये. सासर आणि माहेर दोन्हीकडे एकाच दिवशी सांगितले तर आणखी बरे, कारण एकीकडची बातमी दुसरीकडे आपल्याआधी पोहोचते.

कॅरल गाणाऱ्या तरुणांचाही विचार करावा. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तरुण संघाची मुले रात्री घरोघर येऊन ख्रिस्तजन्मगीते गातात. त्यांना नाही म्हणू नये असे माझे ठाम मत आहे. दोघांच्या घरात ढोलकी, गिटार आणि वीस आवाज घुमतात ती संध्याकाळ वेगळीच असते आणि त्यानंतरची शांतता अधिक गोड वाटते. मात्र संघाच्या सचिवाकडे २० तारखेच्या आतली तारीख मागून घ्यावी. चहा, चकली आणि केकचे तुकडे एवढे आतिथ्य पुरते.

शेजाऱ्यांसाठी २५ तारखेला अकरा ते साडेबारा ही वेळ मोकळी ठेवावी आणि तसे आधी सांगून ठेवावे. दिवसभर दार बंद ठेवण्यापेक्षा दीड तास दार सताड उघडे ठेवणे आपल्या वस्तीच्या रीतीला धरून होते. येणारेही वेळ पाळतात, असा आमचा अनुभव आहे.

३. हाताशी असावे असे साहित्य

ही यादी १५ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी.

- भरलेला गॅस सिलिंडर. रिकामा झाल्यावर नोंदणी करण्याची वाट पाहू नये. सणाच्या आठवड्यात पुरवठ्याला उशीर होऊ शकतो.
- दोघांची नियमित औषधे ३१ तारखेपर्यंत पुरतील एवढी.
- थोडी रोख रक्कम. २५ डिसेंबरला बँकांना सुट्टी असते आणि काही वर्षी ती शनिवार-रविवारला जोडून येते.
- दारावर लावायचा तारा, त्यासाठी एलईडी दिवा आणि चांगल्या वेष्टनाची वायर. गेल्या वर्षीची वायर उंदराने कुरतडलेली नाही ना, हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे.
- गव्हाणी, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा, मांडत असाल तर तिच्या मूर्ती, थोडे वाळलेले गवत आणि पाट.
- मोठ्या अक्षरांचे मराठी बायबल आणि गीतांचे पुस्तक. मोबाइलवर वाचायला घेतले तर मध्येच संदेश येत राहतात.
- चार-पाच जाड मेणबत्त्या आणि काडेपेटी.
- १५ सेंटिमीटर व्यासाचे केकचे भांडे. घरातले नेहमीचे मोठे भांडे दोघांच्या केकला उपयोगी पडत नाही. मिश्रण तळाशी पसरून केक चपटा आणि कोरडा होतो.

झाडासाठी फार धावपळ करू नये. टेबलावर मावेल असे दोन फुटांचे कृत्रिम झाड किंवा रोपवाटिकेतली लाल पानांची पॉइन्सेटियाची कुंडी पुरेशी आहे.

४. बाजारहाट केव्हा आणि कुठे

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनाभोवती बंदोबस्त असतो, मोर्च्यांमुळे सीताबर्डी आणि सदरकडच्या रस्त्यांवर वाहतूक वळवली जाते. अधिवेशन अलीकडे बहुधा नाताळापूर्वी आटोपते, पण नेमके आपल्या खरेदीच्या आठवड्यात ते चालू असते. म्हणून तारे, मेणबत्त्या, कागद, भेटवस्तू यांसाठी सीताबर्डीला सकाळी दुकाने उघडताच जावे, किंवा मोर्चे नसतात अशा रविवारी जावे. शक्य असेल तर गाडी घरी ठेवून मेट्रोने सीताबर्डी स्थानकावर उतरणे सर्वांत सोयीचे.

संत्र्यांबाबत थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण आपल्या गावाच्या नाताळाचा वास संत्र्याच्या सालीचा असतो. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असतात, म्हणजे नाताळाला ती हंगामाच्या शेवटाकडे असतात आणि चांगली गोड झालेली असतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी याच दिवसांत त्याच्याच शेजारी किन्नो विकायला ठेवलेला असतो आणि नवख्या माणसाला तो संत्रे म्हणून दिला जातो. किन्नोची साल तुकतुकीत आणि फळाला घट्ट चिकटलेली असते. नागपुरी संत्र्याची साल सैल, थोडी पोकळ लागते आणि अंगठ्याने सहज निघते. खायला दोन्ही चालतील, पण केकसाठी नागपुरीच घ्यावे. त्याच्या सालीचा सुगंध वेगळा आहे.

याच दिवसांत भाजीबाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. अर्धा किलो शेंगा आणून दोघांनी मिळून सोलाव्यात. २३ तारखेच्या संध्याकाळी एकीकडे बोलत, एकीकडे सोलत बसण्यासारखे दुसरे काम नाही. मटण २४ च्या सकाळी लवकर आणावे, २५ ला सकाळी दुकानात गर्दी असते आणि उपासनेची वेळही चुकते.

५. दोघांपुरता केक

बेकरीत भाजायला देण्याइतका मोठा घाट घालण्याची गरज नाही. लहान केक घरच्या ओटीजीत किंवा कुकरमध्ये उत्तम होतो. प्रमाण असे : मैदा १०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, दोन अंडी, एक लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, जायफळ आणि दालचिनीची पूड, आणि मनुका, बेदाणे, खजूर, टुटीफ्रुटी, काजू असे सगळे मिळून १५० ग्रॅम. लोण्यात मीठ असेल तर वेगळे घालू नये.

सुका मेवा आदल्या रात्री दोन संत्र्यांच्या रसात भिजवून झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी तो चाळणीत निथळून घ्यावा आणि त्याला एक चमचा कोरडा मैदा चोळावा, म्हणजे तो तळाशी बसत नाही. लोणी आणि साखर फिकट रंगाची होईपर्यंत फेटावी, एकेक अंडे घालत जावे, मग मैदा हलक्या हाताने मिसळावा आणि शेवटी मेवा व संत्र्याची किसलेली साल घालावी. संत्र्याची साल किसताना वरचा केशरी भागच घ्यावा. नागपुरी संत्र्याची साल पातळ असल्यामुळे जोर दिला की आतला पांढरा भाग येतो आणि केक कडवट होतो. साल काढण्यापूर्वी, अख्खे फळ हातात धरूनच किसावे. सोललेली साल किसता येत नाही.

ओटीजी १६० अंश सेल्सियसवर आधी तापवून घ्यावी आणि केक ५५ ते ६५ मिनिटे भाजावा. मध्यभागी टोचलेली सुरी किंवा विणायची सुई कोरडी निघाली की झाला. कुकरमध्ये करायचा असेल तर शिट्टी आणि झाकणाचे रबर दोन्ही काढावे, तळाशी मिठाचा थर पसरून त्यावर लहान स्टँड ठेवावे, पाणी घालू नये आणि आच शेवटपर्यंत मंद ठेवावी. केक २२ किंवा २३ तारखेला करावा. हवाबंद डब्यात दोन दिवस मुरला की तो सुरेख कापला जातो. गरम असताना डब्यात भरला तर मात्र वाफेने ओला होतो आणि लवकर खराब होतो.

६. चोवीस तारीख

या दिवशी दुपारपर्यंत स्वयंपाकघराचे काम संपवावे. रस्सा आजच करून ठेवावा. दोघांना पाव किलो ते ३०० ग्रॅम मटण पुरते. सावजी पद्धतीचा करायचा असेल तर खसखस, सुके खोबरे, धणे आणि दगडफूल भाजून वाटावे, तिखट आपल्या पोटाला झेपेल तेवढेच ठेवावे. हा रस्सा मुरल्यावर दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, आणि २५ च्या सकाळी फक्त सोलेभात (सोललेल्या तुरीच्या दाण्यांचा, म्हणजे सोल्यांचा, भात) टाकायचा राहतो : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी सोले, थोडे आले-लसूण, वरून सांबार (कोथिंबीर). सासूबाई करत होत्या ते नऊ पदार्थ दोघांसाठी करू नयेत. त्यात सण स्वयंपाकघरातच संपतो, आणि उरलेले तीन दिवस खावे लागते.

फराळाची ताटे शेजारी आजच दुपारी पोहोचवावीत. करंजी, चकली, शंकरपाळे आणि केकचा तुकडा एवढे पुरे. सगळे घरी करणे जमत नसेल तर करंजी घरची ठेवावी आणि बाकीचे ओळखीच्या गृहउद्योगाकडून आणावे, त्यात कमीपणा नाही. ताट देताना उद्याची अकरा ते साडेबारा ही वेळ पुन्हा सांगावी.

संध्याकाळी तारा लावावा, गव्हाणी मांडावी. ज्यांच्या घरी बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीनंतर ठेवण्याची रीत आहे त्यांनी ती पाळावी. दोघेच आहोत म्हणून घरच्या रीती सोडू नयेत. त्या दोघांनी केल्या की अधिक आपल्या वाटतात.

रात्रीच्या उपासनेला किंवा मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जाणार असाल तर वेळ आधीच्या रविवारी सूचनाफलकावर पाहून घ्यावी. सदर परिसरात ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल ही दोन्ही मोठी चर्च असल्यामुळे त्या रात्री तिकडे गाड्या लावायला जागा मिळत नाही. अर्धा तास आधी निघावे, शक्यतो रिक्षाने जावे. थंडीचे मात्र मनावर घ्यावे. नागपुरात या दिवसांत रात्री पारा १० अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो ३.५ अंशांपर्यंत गेला होता. दुचाकीवरून परतताना कानटोपी आणि शाल नसेल तर नाताळाचा आख्खा दिवस खोकण्यात जातो. साठीच्या पुढच्यांनी सकाळची उपासना निवडावी असे मी सुचवीन.

७. पंचवीस तारखेचा क्रम

सकाळी उपासना, अकरा ते साडेबारा शेजारी, एक वाजता जेवण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी फोन आणि रात्री घरची प्रार्थना, असा आमचा क्रम आहे. आपला वेगळा असू शकतो, पण दोन गोष्टींच्या वेळा पक्क्या असाव्यात : जेवणाची आणि प्रार्थनेची. उरलेला दिवस कसाही गेला तरी या दोन वेळा त्याला धरून ठेवतात.

जेवण रोजच्या स्टीलच्या ताटांत वाढू नये. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली चिनी मातीची भांडी याच दिवशी काढावीत, टेबलावर स्वच्छ चादर घालावी, दोघांनीही नवे किंवा निदान इस्त्रीचे कपडे घालावेत. घरात पाहणारे कोणी नसते म्हणून गाउन आणि पायजम्यावर बसले की सण हातातून निसटतो. वाढण्याचे आणि आवरण्याचे काम दोघांनी मिळून करावे. बायको ओट्याशी आणि नवरा टीव्हीसमोर असेल तर तो दोघांचा नाताळ होत नाही, हे पुरुष वाचकांना मी मनापासून सांगते.

भेटवस्तू प्रत्येकी एकच आणि आधी ठरवलेल्या रकमेच्या आतली असावी. तिच्यासोबत हाताने लिहिलेले पत्र द्यावे, चार ओळींचे असले तरी चालेल. लग्नाला तीस वर्षे झाल्यावर नवऱ्याचे अक्षर पत्रात पाहण्याची सवय गेलेली असते. म्हणूनच ते पत्र जपून ठेवावेसे वाटते.

परदेशातल्या मुलांशी बोलण्याची वेळ आठवडाभर आधी ठरवावी. हिवाळ्यात टोरांटो आणि न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात, म्हणून आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. लंडन साडेपाच तास मागे आणि दुबई दीड तास मागे असते. सिडनी या दिवसांत साडेपाच तास पुढे असल्यामुळे तिकडे आपल्या दुपारीच फोन लावावा. दिवसभर तुटक तुटक बोलण्यापेक्षा एकच निवांत फोन करावा. शुभेच्छांचे संदेश सकाळी अर्ध्या तासात पाठवून टाकावेत आणि मग मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

रात्रीची प्रार्थना साधी असावी. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली २० वचने एकाने वाचावीत, दुसऱ्याने ऐकावीत, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलावी. मोठ्याने वाचणे महत्त्वाचे आहे. वर्षानुवर्षे हा भाग पाळकांच्या तोंडून ऐकलेला असतो. जोडीदाराच्या आवाजात तो ऐकताना मरिया आणि योसेफ हेही परगावी आलेले एक जोडपेच होते, हे जाणवते. त्यानंतर पाठ असलेली दोन गीते म्हणावीत, घरात टाळ असेल तर तो घ्यावा. सूर चांगला नाही म्हणून लाजण्याचे कारण नाही.

८. जे नाहीत त्यांची आठवण

त्या वर्षी घरातले माणूस गेले असेल तर गप्पपणा जड होतो. हे टाळू नये, त्यालाही जागा द्यावी. जेवणापूर्वी एक मेणबत्ती त्यांच्या नावाने लावावी, त्यांच्या आवडीचा एक पदार्थ ताटात असावा, आणि त्यांच्याबद्दल बोलावे. दफनभूमीत जायचे असल्यास २४ च्या सकाळी जाऊन यावे. २५ ला सकाळी जमत नाही आणि अंधार पडल्यावर जाऊ नये. दोघांपैकी एकाला रडू आले तर दुसऱ्याने समजावण्याची घाई करू नये.

९. दोघांपैकी एक ख्रिस्ती घरातला नसेल तर

नागपुरात अशी जोडपी बरीच आहेत आणि त्यांना दोघांचा नाताळ फार उपयोगी पडतो, कारण नातेवाइकांच्या नजरेखाली न शिकता घरातच शिकता येते. ख्रिस्ती जोडीदाराने कोणती गोष्ट श्रद्धेची आहे आणि कोणती केवळ घरची सवय आहे, हे वेगळे करून सांगावे. प्रार्थना श्रद्धेची आहे, करंजी सवयीची. दुसऱ्या जोडीदारावर उपासनेला येण्याची सक्ती करू नये. घरच्या प्रार्थनेला शेजारी बसणे त्याला पुरेसे वाटू शकते. त्याच्या घरची एक रीत, दारापुढची रांगोळी म्हणा, या दिवशी आवर्जून असावी.

१०. सव्वीसपासून पुढे

२६ ला सकाळी ठरल्याप्रमाणे भेटींना बाहेर पडावे आणि दिलेला शब्द पाळावा, कारण पुढच्या वर्षीचा निवांत नाताळ त्यावरच अवलंबून आहे. ज्या आत्यांना अकरा वाजताची वेळ दिली त्यांच्याकडे साडेबाराला पोहोचलात, तर पुढच्या वर्षी त्या २५ लाच तुमच्या दारात असतील. फराळ डब्यात भरून आदल्या रात्रीच तयार ठेवावा. उरलेला केक आठवड्याभरात संपवावा. तारा आणि गव्हाणी ६ जानेवारीपर्यंत ठेवण्याची रीत आहे. त्यानंतर वायर गुंडाळून, दिवा वेगळा काढून, सगळे एका खोक्यात भरावे आणि खोक्यावर आत काय आहे ते लिहावे. फ्रिजवरचा कागदही त्याच खोक्यात ठेवावा, म्हणजे पुढच्या आगमनकाळात कोणाला कोणती वेळ दिली होती आणि काय कमी पडले ते पाहून नवा कागद लिहिता येईल.